पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

२ मार्च, शनिवार

हिची नोकरी परवापासून. टेकडीपलीकडचं वाचनालय, सकाळी आठला हजर. तिकडची पहिली बस नऊला, म्हणजे गाडीशिवाय गत्यंतर नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं हिने. तीनदा नापास झाली, चौथ्यांदा काढलंच. तेव्हापासून गाडीची किल्ली हिच्या पर्समध्ये असते आणि मी मागितली तर कशाला हवी असं विचारून मग देते. मला कौतुक वाटतं. बोलून दाखवलेलं नाही. नुसतं बोलण्यापेक्षा काहीतरी करून दाखवावं म्हणून ठरवलं: गाडीचे पुढचे ब्रेक नवे करायचे. पॅड आणि डिस्क, दोन्ही. स्वतःच्या हातांनी.

सामान आणायला मिस्त्रीकडे गेलो. म्हणाला, गाडी ठेवून जा, दोन तासांत देतो. मी म्हटलं, मीच बसवणार आहे. तर म्हणाला, साहेब, तुम्ही कागदावरची माणसं. विमा कंपनीत वीस वर्षं सर्व्हेअर आहे मी! चार हजारांवर ठोकलेल्या गाड्या तपासल्यात. कुठल्याही गाडीकडे बघून सांगतो काय झालं असेल ते, आणि शंभरात नव्वद वेळा उत्तर एकच असतं: चालकाची चूक. आणि हा मला कागद शिकवतोय.

३ मार्च, रविवार

साडेनऊला सुरुवात. त्याआधी व्हिडिओ दोनदा बघितला (दुसऱ्यांदा दीडपट वेगाने). उजवं चाक पंचावन्न मिनिटांत. उत्तम.

डावं चाक. इथे आतल्या बाजूचा पॅड काही केल्या बसेना. व्हिडिओ पुन्हा बघितला असता, पण तोवर लेक फोन घेऊन कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेली होती. फोन तिचाच. असो, अनुभवी माणसाला व्हिडिओ लागत नाही. हातोडीने पॅडची समजूत घातली. बसला.

दोन वाजता काम फत्ते. हिने माझ्या सोललेल्या बोटांना मलम लावलं आणि विचारलं, खरंच माझ्यासाठी केलंत? मी म्हटलं, त्यात काय एवढं. मनातून फार बरं वाटलं.

संध्याकाळी गल्लीत एक चक्कर मारली. ब्रेक दाबला की किंचित खर्र. नवी वस्तू आहे. नव्या चपलासुद्धा आठवडाभर चावतात.

४ मार्च, सोमवार

हिचा पहिला दिवस. खिडकीपाशी टेबल दिलंय, पुस्तकांच्या नोंदी करायच्या आहेत, तीन महिने बघतील आणि मग कायम करतील. जेवताना सगळं दोनदा सांगितलं. मग म्हणाली, उतारावर गाडी ओरडते हो.

मी समजावलं की गाडी ओरडत नाही, पॅड बसतायत. किती दिवसांत बसतील, असं तिने विचारलं. म्हटलं, तीनशे किलोमीटर. हा आकडा कुठून आला ठाऊक नाही, पण ठाम वाटला.

५ मार्च, मंगळवार

आवाज चालूच. निष्कर्ष: नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेल लावतात, ते आधी पुसायचं असतं. हे आज वाचलं. आता ते ब्रेक लावून लावूनच जळेल. हिला सांगितलं, ब्रेक जरा सढळ हाताने वापर.

६ मार्च, बुधवार

हिने सढळ वापरला. आवाज वाढला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आता तिसऱ्या मजल्यावर कळतं. लेक उठली, आई आली म्हणाली आणि चहा टाकला. एका अर्थी सोयच झाली.

७ मार्च, गुरुवार. सकाळी ६:४०

डाव्या चाकावर चंदेरी भुकटी. बोटावर घेऊन उजेडात धरली. चमकते. पॅडची भुकटी काळी असते, हे मला माहीत आहे. पण ते जुन्या पॅडचं झालं. हल्ली मटेरियल सुधारलं असेल. फडक्याने पुसून टाकली. हिने पाहिली असती तर उगाच घाबरली असती.

संध्याकाळ. ही म्हणते, ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. मी विचारलं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरतेस का? हो म्हणाली. धरत नसावी.

९ मार्च, शनिवार

आज रीतसर पाहणी. ही गाडी चालवत होती, मी शेजारी वही घेऊन. लेक मागे, दोन्ही कानांत बोटं घालून.

निरीक्षण एक: आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर येतो. निरीक्षण दोन: रविवारी मी चालवली तेव्हा आवाज किंचित होता, ही चालवते तेव्हा प्रचंड आहे. गाडी तीच, ब्रेक तेच. फरक एकाच गोष्टीचा. वीस वर्षं मी हेच काम करतो आहे, मला आडपडदा ठेवता येत नाही. सांगून टाकलं, ब्रेकला काही झालेलं नाही, तुझा पाय डळमळीत आहे. अर्धवट दाबतेस, म्हणून घासतं.

तिने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, म्हणजे तीनदा नापास केलं ते बरोबरच होतं म्हणायचं. तसं काही नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.

घरी आल्यावर लेक म्हणाली, बाबा, एकदा चाक खोलून बघा ना. मी म्हटलं, काम नीट केलेलं असलं की पुन्हा खोलावं लागत नाही. हे वाक्य मला आवडलं. ऑफिसात वापरण्यासारखं आहे.

१० मार्च, रविवार

चाक खोलायचं ठरवलं होतं. पण कंबर धरली आहे. शिवाय खोललं तर हिला वाटणार की मला माझ्याच कामाची शंका आहे, आणि मग तिचा उरलासुरला धीर सुटणार. तेव्हा तिचा विचार करूनच खोललं नाही.

चंदेरी भुकटी पुन्हा पुसली. आज जास्त होती.

१२ मार्च, मंगळवार

खर्र गेलं! आता वेगळाच आवाज आहे, सुरीला धार लावतात तसा, लांबलचक. बदल झाला म्हणजे सुधारणा चालू आहे.

लेक आता आईबरोबर गाडीतून जात नाही. चालत जाते. व्यायाम झालेला बराच.

हिने विचारलं, तीनशे किलोमीटर झाले का हो? मोजून बघितलं. तीनशे बारा. मी म्हटलं, पाचशेसुद्धा लागतात.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी हिचा फोन. आधी मला शब्दच कळेनात.

टेकडी उतरली की तळाशी झेब्रा क्रॉसिंग आहे. एक आजोबा वॉकर टेकत टेकत रस्ता ओलांडत होते. हिने वरूनच पाहिलं, वरूनच ब्रेक दाबला. पूर्ण दाबला, दोन्ही पाय देऊन दाबला म्हणते. गाडी घासत घासत जातच राहिली आणि थांबली ती आजोबांपासून हातभर अंतरावर. आजोबांना वाटलं, बाईंनी आपल्यासाठी मुद्दाम गाडी थांबवली. त्यांनी हात वर केला आणि थँक्यू म्हणाले. ती हेच परत परत सांगत होती. अहो, ते मला थँक्यू म्हणाले.

मी विचारलं, ब्रेक नक्की किती अंतरावरून दाबलास? सवयीने तोंडातून गेलं. क्लेम आला की पहिला प्रश्न मी हाच विचारतो. तिने फोन ठेवला.

त्यानंतर ऑफिसात दोन फाइली पाहायच्या होत्या. एकही उघडली नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर होती. पर्समधून काढून ठेवलेली. ही नऊच्या बसने गेली आणि पावणेदहाला पोचली. ग्रंथपाल बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की आजचं ठीक आहे, सोमवारपासून आठ म्हणजे आठ. नाहीतर यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल.

मी म्हटलं, काही दिवस गाडी बंद ठेवतेस ते योग्यच आहे. मग सावकाश पायाचा सराव कर. तिने मान हलवली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. एरवी मिठावरून भांडणारी बाई. नुसती मान हलवते म्हणजे तिला माझं पटलं, आणि ते पटलेलं मला बघवेना.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ७:१०

आज सोक्षमोक्ष. मी एकटा उतारावर गाडी घालणार. ब्रेक ठणठणीत निघतील, मग तिला शेजारी बसवून पाय कसा ठेवायचा ते शिकवीन. रागवायचं नाही, असंही ठरवलं आहे.

सकाळी ८:३०

तिने सांगितलं होतं तिथूनच ब्रेक दाबला. मग आणखी दाबला. मग दोन्ही पाय दिले. आवाज तळपायातून निघून दाढांपर्यंत आला. गाडी उजवीकडे ओढत होती, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरूनही. थांबली ती पांढरे पट्टे पूर्ण ओलांडून.

क्रॉसिंगवर कोणी नव्हतं. पुन्हा लिहितो, कोणी नव्हतं.

मागून हॉर्न वाजत होते. हात स्टिअरिंगवरून निघेनात. ती परवा पट्ट्यांवर आजोबांच्या अलीकडे थांबली होती. मी पट्ट्यांच्या पलीकडे. आज ते आजोबा असते तर... पुढचं लिहीत नाही.

दुपार. पहिल्या गिअरमध्ये रखडत रखडत मिस्त्रीकडे नेली. डावं चाक काढल्यावर तो आत डोकावला. मग त्याने हाताखालच्या दोघांना हाक मारली. मग शेजारच्या पंक्चरवाल्यालाही बोलावलं. चौघे वाकून बघत होते.

आतला पॅड उलटा होता. घासायची बाजू आत, पाठीचं लोखंड डिस्कवर. तेरा दिवस लोखंडावर लोखंड. जी बाजू झिजायची तिच्यावरचा छापील नंबरसुद्धा स्वच्छ वाचता येत होता. डिस्कला नख अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या. चंदेरी भुकटी ती हीच.

मिस्त्रीने विचारलं, कोण चालवत होतं? मी म्हटलं, बायको. तो म्हणाला, मानलं बाईंना. दुसरा कोणी असता तर पहिल्या आठवड्यातच ठोकली असती. पंक्चरवाला म्हणाला, आणि पॅड बसवला कोणी? त्यावर मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाला, असेल कोणीतरी. त्याचे उपकार झाले.

तासाभरात डाव्या चाकाचं सगळं नवीन बसवून झालं.

१७ मार्च, रविवार

काल सांगायचं होतं, जमलं नाही. कसं सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. तांत्रिक त्रुटी आढळली. जोडणीत तफावत होती. शेवटी सकाळी ही कपडे वाळत घालत असताना मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, पॅड मी उलटा बसवला होता. तुझा पाय नव्हता.

हातातला टॉवेल तसाच धरून ती उभी राहिली. म्हणाली, नव्हता? म्हटलं, नव्हता. मिस्त्री काय म्हणाला तेही शब्दशः सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, टॉवेल वाळत घातला, चिमटे लावले आणि म्हणाली, चला, उद्या सोमवार आहे, एकदा जाऊन येऊ.

ही चालवायला बसली. मी शेजारी. वही नेली नव्हती. गल्लीत ठीक, चौकात ठीक. टेकडीवर चढलो. उतार लागला तशी गाडी हळू हळू होत गेली. सायकलवाले पुढे निघून गेले. रस्ता रिकामा होता, तरी तिचा पाय ब्रेकवरच. मी तिच्या पायाकडे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. थरथरत होता. पूर्वी थरथरत असता तर त्या दिवशी ती आजोबांच्या अलीकडे थांबलीच नसती. नऊ तारखेला वहीत मी पाय डळमळीत असं लिहिलं कशाच्या आधारावर, ते मात्र सांगता येणार नाही.

अर्ध्या उतारावर तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले. म्हणाली, ब्रेकवरून पाय उचलवत नाही हो. मी म्हटलं, आता ब्रेक पक्के आहेत, मी स्वतः... आणि तिथेच थांबलो. मग म्हटलं, मिस्त्रीने बसवलेत. ती म्हणाली, कळतंय मला. कळतंय, पण पाय ऐकत नाही.

मी म्हटलं, उद्या रजा टाकून मी सोडतो तुला. म्हणाली, उद्या सोडाल. परवा?

ती उतरली. मी पलीकडे जाऊन स्टिअरिंगवर बसलो. मला वाटलं ती शेजारी येईल. तिने मागचं दार उघडलं आणि मागे बसली.

घरापर्यंत मी आणली गाडी. उतारावर, क्रॉसिंगला, गल्लीच्या वळणावर, ब्रेक अप्रतिम लागत होते, कुठेही आवाज नाही. मागे ती मोबाइलवर ग्रंथपाल बाईंना मेसेज लिहीत होती, यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलवा म्हणून. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, बघ, आवाज पूर्ण गेला. ती हो का म्हणाली आणि लिहीत राहिली.