कळंब्याच्या भिंतीशेजारनं

अण्णा,

जयसिंगपूरच्या भंगारात तू हेरून ठेवलेली ती जुनी फ्रेंच सायकल मी आणली. एकट्यानं घड्याळाशी शर्यत लावायची, तीच. मेलीचे आटे जगावेगळे, आपल्याकडचं कायबी बसंना. शेवटी पायडलच्या धुरीचे कप कागलच्या लेथवर कातून घेतले. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये मात्र ग्रीस मुद्दाम कमी भरलं, म्हणजे पायडल थांबलं की ते मोठ्यानं वाजतं.

रोज सकाळी तुझ्या जेलच्या भिंतीशेजारनं जाते आणि पायडल मारायचं थांबवते. तुझ्यावरचा राग हाय तसाच हाय. तुला पत्र लिहायचं न्हाय, अशी आप्पांनी शपथ घातलीया. सायकलीचं कोण काय बोललं न्हाय.

आत ऐकू येतं का, अण्णा? एवढंच विचारायचं हाय, आणि तेवढ्यासाठी पत्रच टाकावं लागतंय.

तुझी धाकटी,
शिवांजली