दादांच्या दारातला बंदोबस्त

८ जाने.
दादांच्या दारात बंदूकवाला पोलीस बसला. सकाळपासून सगळं गाव तिकडंच. आमच्या दारात एक कुत्रं.

झालं असं. काल दुपारी ठाण्याची जीप आधी आमच्यापुढंच थांबली. हे मोटरसायकल धूत होते. साहेबांनी विचारलं, "वाळूच्या तक्रारी करणारे कोण?" ह्यांनी हात पुसले, म्हणाले, "दादांकडं चला." आमच्या घरची रीतच ती. तलाठी येवो, ग्रामसेवक येवो, नाहीतर विम्याचा एजंट, आधी थोरल्या भावाच्या ओसरीवर. खुर्ची दादांची, चहा माझ्या गॅसवरचा. कालही मीच पाठवला.

खबर म्हणे पक्की. वाळूवाले जिवावर उठलेत. असं कळलं की पोलिसांना त्या माणसाला जाऊन सांगावंच लागतं, सांगितल्याची सही घ्यावी लागते. दादांनी केली. चष्मा लावून, सावकाश.

संध्याकाळी अक्का, म्हणजे मोठी जाऊ, येऊन सांगून गेली, "आमच्या जिवाला धोका हाये गं." पोरीची सोयरीक जमल्यासारखं तोंड.

१० जाने.
जळते आहे. लिहून टाकते, पोटात राहायला नको.

पहाटे नदीवर कोण जातं? हे. पात्रातल्या ट्रॅक्टरचे, वाळूच्या हायवा ट्रकांचे व्हिडिओ कोण काढतं? हे. तहसीलच्या पायऱ्या कोण झिजवतं? हेच. आणि अर्जाखाली नाव दादांचं, पेपरात फोटो दादांचा. आता धमकीसुद्धा दादांनाच!

जेवताना मी बोललेच.
"तुम्हाला कुणी साधी धमकी देत न्हाई."
"धमकीचा काय मान असतो का?"
"असतो. खुर्ची टाकून बसलाय दारात."
हसले. भाकरी मागितली. दिली नाही. मग दिली.

१६ जाने.
गल्लीतलं हळदीकुंकू. पोलीस दादांसाठी आहे, अक्कासाठी नाही. म्हणून अक्काबाईंनी दादांनाच सोबत आणलं, त्यांच्या गुडघ्याला चालणं बरं असतं म्हणे! बाहेर दादा, दादांमागं बंदूकवाले जमादार, बायका वाण सोडून खिडकीशी.

माझ्या तोंडून निघालंच. "खरा धोका आमच्या ह्यांना हाये. नदीवर हे जातेत."
मग अक्का, "तुलाबी देऊ का एक पोलीस? वाणात?"
हशा. मी तिळगूळ न घेताच आले. ऐकून हे म्हणाले, अक्का बराबर बोलली. म्हणजे हेही तिकडचेच.

२१ जाने.
शहागडच्या बाजारात भाजीवाली, "तुमच्याच दादांना पोलीस भेटला ना?"
भेटला. पुरस्कारच जसा काही. गवारीच्या शेंगा तिच्या पाटीत परत टाकल्या.

घरी आल्यावर वाटलं, मला नेमकं काय पाहिजे? ह्यांना कुणी मारायला यावं असं थोडंच. पण कुणीतरी ह्यांना मोजावं. एवढंच. दुसऱ्या कुणी नाही, तर निदान दुश्मनानं तरी.

२७ जाने.
अक्का कालपासून माहेरी, हसनाबादला. दादांचं आणि जमादारांचं जेवण माझ्याकडं. दादा जेवून ओसरीवर बसले, मग जमादार जेवायला. वयस्कर, शांत माणूस, जेवतानाही बंदूक मांडीशी. पिठलं वाढता वाढता विचारलं, खबर नेमकी होती तरी काय?

"अशी आल्ती ताई, की पहाटं मोटरसायकलवर नदीत येतंय, मोबाईलनं शूटिंग करतंय, त्याला उडवायचं. नाव न्हव्हतं. साहेब म्हणले, तक्रार करणाराच असंल, जल्दी सांगून या." घास थांबला. "पण दादा कवा जातेत हो नदीवर? मी आल्यापासून तर उन्हं आल्यावर उठून राह्यलेत."

दादांनी गुडघ्यापायी मोटरसायकल कधीचीच सोडली आहे.

खरं लिहिते. पहिल्यांदा बरं वाटलं. आमचेच होते! मग पातेलं खाली ठेवलं आणि ह्यांची मोटरसायकल दारात आहे का ते बघून आले.

२८ जाने.
काल रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दादांची सही झालीया. आता मी कोणत्या तोंडानं म्हणू, की पोलीस माझा हाये? गावात काय राहील त्यांचं?" आणि पहाटे नदीवर गेलेच.

जमादारांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, ज्यांच्या नावानं बंदोबस्त आहे, त्यांनी येऊन सांगावं, मग बदलू.

म्हणून मीच दादांकडे गेले. दादा ऐकून घेत होते. पण अक्का परत आली होती.
"बघवत न्हाई तुला. हळदीकुंकवापासून बघून राह्यले मी. पोलीस पाहिजे? मंग ने की घरी!"

शब्द तेच होते, माझेच. तेव्हा जळून बोलले, आज भिऊन बोलले. ऐकणाऱ्याला फरक कसा कळावा? दादा खाली बघत म्हणाले, विचार करतो. हा काय विचार करायचा विषय आहे?

३० जाने.
काल मोटरसायकलची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. पहाटे बघते तर गाडी दारात, अंथरूण रिकामं. चालत गेले. फोन लागत नाही, नदीत रेंज नसते.

धावत दादांच्या दारात. जमादार शाल पांघरून खुर्चीत. म्हटलं, चला. कसंनुसं तोंड करून म्हणाले, "ताई, दादांना सोडून हालता येत न्हाई. नोकरी जाईल माझी." मी तिथंच रडायला लागले, मोठ्यानं.

दार उघडलं. अक्का. आता बोलणार, वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आत वळून ओरडली, "उठा हो! नदीवर निघा. तुम्ही निघाल्याबिगर हा हालत न्हाई!"

दादा मफलर गुंडाळतच बाहेर आले. काठी टेकत, पाय ओढत निघाले, मागं जमादार. किती सावकाश चालतात दादा! मी पुढं धावणार होते, अक्कानं दंड धरून ठेवला.

आता माझ्याच ओसरीवर बसली आहे. मी लिहिते आहे, दुसरं काही सुचत नाही. ऊन अंगणात आलं. नदीकडून अजून कुणी नाही.

शेजारचे आत्ताच रस्त्यावरून हाक मारून गेले, "दादा पोलीस घेऊन नदीवर उतरले! मानलं पाहिजे माणसाला!" आणि मला राग आला. अशा वेळीसुद्धा. उठून ओरडलेच, "आधी हे गेलेत! एकटे! चालत!"

ओसरीवरून अक्का म्हणाली, "अजून मोठ्यानं सांग."