एकच कोअर चालतोय

आई, तू लिहिलेला प्रोग्रॅम येत्या शुक्रवारी बंद होणार आहे. ब्रॅकनेलच्या ऑफिसात मला हे सकाळी कळलं, आणि त्यानंतर मी नेहमीसारखी ईमेलना उत्तरं देत बसले. तू गेल्यावर काही वर्षांनी तुझी कंपनी आमच्या कंपनीने विकत घेतली. बंदरात उतरलेला कंटेनर कुठल्या थप्पीत ठेवायचा हे ठरवणारा तुझा प्रोग्रॅम तेव्हा माझ्या टीमकडे आला.

साउथहॅम्प्टनचं आपलं किचन आठवतं. मी प्रायमरी स्कूलमध्ये आहे. तू टेबलावर डबे एकावर एक रचतेस आणि म्हणतेस, "हे कंटेनर. मला सगळ्यात खालचा साबुदाणा हवाय. काय करशील?" मी वरचा डबा उचलून शेजारच्या थप्पीवर ठेवते. "बरोबर. पण आता तिथले पोहे अडकले. आधी काय उचललंस त्यावर पुढचं ठरतं." मी म्हणते, "मग दोघींनी एकदम करूया ना, पटकन होईल." तू लगेच तयार होतेस. आपण दोघी एकाच रिकाम्या जागेवर डबे नेतो, ते आदळतात आणि तुरीची डाळ थेट फ्रीजखाली जाते. तू किती हसली होतीस.

तेव्हा तुमच्या कामात सगळेच निर्धास्त होते. प्रोग्रॅम हळू चालला तरी कुणी घाबरायचं नाही. दर थोड्या वर्षांनी जास्त क्लॉक स्पीडचा प्रोसेसर यायचा आणि एका ओळीलाही हात न लावता तेच काम भराभर व्हायचं. मग तो वेग वाढेनासा झाला. चिप फार तापायची, म्हणून एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवायला लागले. काम करणारे हात वाढले, पण एकेका हाताचा वेग फारसा वाढला नाही. मी लेस्टरला युनिव्हर्सिटीत निघाले तेव्हा तू मला कंप्युटर घेऊन दिलास. मैत्रिणीकडे होता तसा चार कोअरचा मला हवा होता. दुकानातच तू झापलंस, "आकडा मोठा दिसला की झालं का? तुझं काम एकाच कोअरवर चालणार. दोनचा घे, त्याचा क्लॉक जास्त आहे." बसमध्ये मी फुगून बसले होते आणि तू तो खोका मांडीवर सांभाळत होतीस.

पुढे ऑफिसने तुलाच सांगितलं, तुझा प्रोग्रॅम सगळ्या कोअरमध्ये वाटून दे. केमो सुरू झाल्यावरही तू लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसायचीस. वाटून दिलं की दोन कोअर दोन कंटेनर एकाच जागी ठेवायचे. त्यांना एकमेकांसाठी थांबायला लावलं की सगळे रांगेत उभे राहायचे आणि काम आधीपेक्षा हळू व्हायचं. "सोड ना आता," मी म्हटलं. "जमेल गं. काम कुठेतरी तोडता येईलच," तू म्हणालीस. नाही जमलं.

यंदा मॅनेजरने चौसष्ट कोअरचा सर्व्हर आणला. माझ्या स्क्रीनकडे बघत त्याने विचारलं, "एकच कोअर चालतोय. बाकीचे काय करतायत?"

"वाट बघतायत," मी म्हटलं.

त्यातल्या प्रत्येक कोअरचा क्लॉक जुन्या मशीनपेक्षा कमी, त्यामुळे तुझा प्रोग्रॅम उलट आणखी रेंगाळला. मी त्याला सांगितलं की आपल्याला मोजके पण वेगवान कोअर हवेत. "असे कितीसे वेगवान मिळणार?" तो म्हणाला, आणि त्याचंही खरंच होतं. मग मीही ते काम कोअरमध्ये वाटता येईल असं तोडायला बसले. तू केलेले सगळे प्रयत्न केले, तुझ्यानंतर आलेल्या युक्त्याही वापरल्या. एकदा प्रोग्रॅम इतका सुसाट चालला की मी खुर्चीतून उठले. मग एका खऱ्या जहाजाचा माल घालून पाहिला. दोन कंटेनर, जागा एकच.

बंदराने वाट पाहिली नाही. त्यांनी घेतलेला नवा प्रोग्रॅम तुझ्यासारखा उत्तम क्रम शोधतच नाही. प्रत्येक कोअर आपापला एक ओबडधोबड क्रम लावतो, त्यातला बरा असेल तो उचलायचा. क्रेनला थोडी जास्त उचलठेव करावी लागते, पण उत्तर लगेच येतं. कुणाची तक्रार नाही. आमची टीमही बंद होतेय. मी नवीन नोकरी शोधतेय, पण तू केलंस ते काम आता कुणालाच नकोय.

रविवारी मी बाबांना गाडीतून पाण्याकाठी नेते. त्यांना आता फार चालवत नाही. क्रेन दिसल्या की ते विचारतात, "अजून तिचाच प्रोग्रॅम ना गं?" मी "हो बाबा" म्हणते, आणि मग ते बराच वेळ काचेतून बघत राहतात. या रविवारीही मी हो म्हणणार आहे, त्याच्या पुढच्याही. हे मी आणखी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही.