‘नको’ नावाच्या वस्तू

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन मनातल्या मनात टेकवली आहेत.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जातो? इकडे तुझी भावजय मजेत आहे आणि मी बहुतेक वेळ जमिनीवर आहे, ते का हे पुढे येईल. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर माझा फोन गेल्या मंगळवारपासून कुठल्याशा परक्या भाषेत बोलतोय. नातीने, म्हणजे आमच्या भिंगरीने, तो जेमतेम अर्धा मिनिट हातात धरला होता, तेवढ्यात भाषा बदलली. अक्षरं उजवीकडून डावीकडे पळतात आणि परत यायचं तर त्याच भाषेत वाट विचारावी लागते. पोरगी अजून दीड वर्षाची नाही, अक्का. तिला आपली भाषा धड येत नाही, आणि ही कुठली हे मला कळत नाही!

मुद्द्यावर येतो. (म्हणजे येईन.) तुझ्या भाचीची रजा महिनाअखेरीला संपते. ती नर्स म्हणून कशी आहे ते तुला ठाऊकच आहे, वॉर्डात मोठमोठे डॉक्टर तिच्यासमोर हात धुवून दाखवतात. ती ड्यूटीवर गेली की भिंगरी दिवसभर कुठे राहणार, आमच्याकडे की पाळणाघरात, असा प्रश्न निघाला. मला तर हा प्रश्नच वाटला नव्हता. ती मात्र दारात उभी राहिली, घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, “बाबा, हे घर नाही, सबस्टेशन आहे. रविवारी तपासायला येते. पास झालं तर भिंगरी तुमच्याकडे, नाहीतर पाळणाघर.” मी चौतीस वर्षं वायरमन. त्यातली शेवटची दहा नव्या भरतीला ‘जीव कसा वाचवायचा’ हे शिकवण्यात गेली. आणि धडा मलाच! तिच्यासमोर मिशीला पीळ दिला खरा, पण ती गेल्यावर पीळ आपोआप उलगडला. भिंगरी येणार नसेल तर मी दिवसभर करू काय? तुझी भावजय शब्दकोडी सोडवते आणि मला एक उभा शब्दसुद्धा भरू देत नाही.

म्हणून सोमवारी सकाळी मी चष्मा दोरीने बांधला आणि घरभर रांगलो. शत्रूला काय दिसतं ते शत्रूच्या उंचीवरून पाहावं, असा विचार. आणि अक्का, काय सांगू तुला! वरून आपल्याला नुसते कंटाळवाणे डबे दिसतात. खालून बघ एकदा. सोफ्यामागे हिरवे दिवे डोळे मिचकावतात, काळा डबा गुणगुणतो, हात लावावा तर कोमट लागतो, आणि वायरी कुठून निघून कुठे जातात याचा थांग लागत नाही. मी जन्मभर विजेची चाकरी केली, पण ती इतकी देखणी आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. आम्ही तिला कायम खांबावर लोंबकळून, जीव मुठीत धरून भेटलो. तासभर तिथेच पडून पाहत राहिलो. (तुझ्या भावजयीला वाटलं, मला चक्कर आली. तिने शेजारच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या खाली वाकून म्हणाल्या, डोळे तर उघडे आहेत.)

मग कंबर कसली. टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधला, वायरी केसिंग पट्टीत कोंबल्या, खालच्या सगळ्या सॉकेटना झाकणं बसवली, फ्रीजला खिटी लावली. बटणासारखे चपटे सेल असतात ना, ते सगळ्यात वाईट, पोटात गेले तर आतून भाजून काढतात. ते घरभर हुडकले आणि डब्यात घालून डबा कपाटात, कपाटाला कुलूप. यात विनोद नाही, दाजींच्या वजनकाट्यातलाही जपा. पण बाकीचं काय झालं ते ऐक. झाकणं इतकी पक्की की तुझ्या भावजयीला एकही उघडेना. मिक्सरने तीन दिवस मौन पाळलं. फ्रीजची खिटी मलाही जमेना, त्यामुळे थंड पाणी प्यायचं तर भिंगरी येईपर्यंत थांबावं लागायचं. ती यायची, खिटी दाबून वर सरकवायची आणि आमच्यासाठी दार धरून उभी राहायची. एकदा तिला फसवायला सेल काढलेला जुना रिमोट दिला. तिने बटण दाबलं, टीव्हीकडे पाहिलं, रिमोट उलटा केला, मागचं झाकण सरकवलं, आतली रिकामी जागा मला दाखवली आणि तो माझ्या हातात परत ठेवला. गिऱ्हाइकाने नासकं दूध परत करावं तसा. रागावली नाही गं, म्हणून जास्त लागलं.

आता भाषेची गंमत. भिंगरीला चार शब्द येतात, त्यातला लाडका ‘नको’. आम्ही खूश की पोरीला वळण लागलं. पण ती ‘नको’ म्हणून रडायची आणि वस्तू लांब केली की दुप्पट रडायची. शेवटी “नको दे! नको दे!” असं ओरडायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सॉकेटपाशी गेली की आपण म्हणतो ‘नको’. चार्जर धरला की ‘नको’. मिक्सर, इस्त्री, फोन, सगळीकडे तेच. तिला वाटतं, या जातीच्या वस्तूंचं नावच ‘नको’! आपण दिवसभर तिला वस्तूंची ओळख करून देत होतो आणि ती मन लावून शिकत होती. मी तर हात जोडले. चौतीस वर्षांत मला एवढा लक्ष देणारा शिकाऊ माणूस भेटला नाही.

रविवारी तुझी भाची टॉर्च घेऊन आली. कपाटामागे पाहिलं, पट्टे ओढले, झाकणं नखाने उचकटून पाहिली. सगळं पास! तिच्या तोंडून “बरं केलंय” एवढं निघालंही. तेवढ्यात भिंगरी माझ्या रबरी चपला पायात अडकवून फटक फटक करत आली आणि सॉकेटसमोर थांबली. बोट दाखवून स्वच्छ म्हणाली, “नको.” तिची आई कौतुकाने म्हणाली, बघा, कळतं तिला. मी पंख्याकडे बघितलं. मग अक्का, त्या एवढ्याशा जिवाने डावा हात पाठीमागे घेतला. मुठीसकट. आम्ही खांबावर घ्यायचो तसा, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही. आठवडाभर मी झाकणं तपासत होतो आणि ती माझ्यामागे फिरत होती, एवढंच. उजवा हात उलटा करून तिने झाकणाला हळूच टेकवला, जुन्या वायरमनची खोड ती, म्हणजे झटका बसलाच तर मूठ वायरीवर आवळत नाही, आणि मग दोन बोटांनी ते झाकण टक्कन काढून माझ्यापुढे धरलं. त्या बोर्डाची लाइन मी सोमवारीच मेनमधून सोडवली होती, एवढं शहाणपण तरी माझ्या पदरात घाल. पण तोंडावर कुठलं झाकण बसवणार? माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “वा!”

तुझी भाची माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “घर पास आहे, बाबा. तुम्ही नापास.” निकाल गुरुवारी सांगते म्हणाली आणि पोरीला उचलून निघून गेली. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. झाकण उघडल्यावर टाळ्या मिळाल्या तर कोण उघडायचं थांबेल? पण मी काय करू, अक्का, माझ्यासमोर एक माणूस पहिल्यांदाच जग उघडून बघत होता.

असो. दाजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच की ती तुझं ऐकते. गुरुवारच्या आत तिला फोन कर आणि आपला भाऊ जबाबदार माणूस आहे असं सांग. मी सांगितलंय हे सांगू नकोस.

ता. क. २. जबाबदार हा शब्द तुझ्या तोंडी बसत नसेल तर ‘सुधारण्यासारखा’ म्हण. मी ओठ मिटून आश्चर्य वाटून घेण्याचा सराव करतो आहे. तुझी भावजय म्हणते, पोट दुखत असल्यासारखा दिसतो.

ता. क. ३. आत्या, हे अक्षर माझं. पाकीट मी फोडलेलं नाही. बाबांनी “जाता जाता पेटीत टाक” म्हणून दिलं आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो भिंगरीने ते उघडलं. वाचायला नको होतं, वाचलं. तू फोन करू नकोस. पाळणाघराला मी रविवारी घरी पोचायच्या आतच नाही म्हणून कळवलंय. चिडले होते, पण त्या सॉकेटवरून नाही. लहानपणी मी बाबांना खांबावर पाहिलं, नाहीतर झोपलेलं. मी सायकल शिकले, पहिली आले, नर्सचा गणवेश घालून समोर उभी राहिले, तेव्हा ते “बरं” म्हणाले. त्यांना “वा” म्हणता येतं हे मला परवा कळलं. एवढा मोठा, सगळ्या खोलीत भरून राहणारा आवाज! वाईटही वाटलं आणि तिथून हलवेनाही. निकाल गुरुवारीच सांगणार, तोवर वॉशिंग मशीनच्या मागची वायर त्यांच्याकडून आवरून होईल. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळी भिंगरीला न्यायला आले की लगेच निघणार नाही. थोडा वेळ बसेन म्हणते. मलाही बरंच काही येतं, ते त्यांना दाखवायचं राहिलंय.