पानाचं बूड

बाई, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहायला धीर होतोय.

वेरूळच्या लेण्यांमागच्या टेकडीवर तुम्ही आम्हा मुलींना पानांची वर्णनं लिहायला बसवलं होतं. भालाकृती, हृदयाकृती, वृक्काकृती, सगळे आकार मला तोंडपाठ. एका झाडापुढं मी नुसतं ‘अंडाकृती’ लिहिलं आणि ऐटीत वही पुढं केली. तुम्ही लाल पेनानं त्यावर काट मारलीत. “आकार बघितलास. कडा कोण बघणार? देठापाशी पानाचं बूड कोण बघणार? घाईत असशील तर झाड ओळखूच नकोस.” सगळ्यांसमोर बोललात. मी रडले, आणि कितीतरी दिवस तुमच्यावर राग धरून होते. आता तेच आकार मी कॉलेजात शिकवते.

गेल्या श्रावणात आमच्या शिपायानं मोबाइलवर फोटो पाठवला. हा शिपाई शेंद्रा गावचा. परातीत खुडलेल्या पानांचा ढीग, खाली लिहिलेलं: ‘मॅडम, आईनं बांधावरून भाजी आणली. तांदुळजाच हाय ना?’ मी रिक्षात, क्रांती चौकात अडकलेली, मीटिंगला उशीर झालेला. पानं अंडाकृती दिसली. ‘हो’ लिहून फोन पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी त्याचा फोन. “मॅडम, आई काहीबी बडबडाया लागली. बायकोला नीट दिसंना झालंय. लई भ्या वाटतंय.” मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो उरलेली पानं पिशवीत घेऊन दारातच उभा होता. एक पान हातात घेऊन त्याचं बूड बघितलं. देठापाशी एक बाजू खाली उतरलेली, दुसरी वरच थांबलेली. धोत्रा. धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. बायको वाचली. त्याची आई तिसऱ्या दिवशी गेली.

तेराव्यानंतर तो कामावर आला आणि माझ्या टेबलापाशी हात जोडून उभा राहिला. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले.

“तुम्ही वेळेवर नाव सांगितलं म्हणून बायको तरी राहिली,” तो म्हणाला. “फोटोत काय कळतंय, मॅडम? चूक आमचीच.”

बाई, तो फोटो मी तोवर कितीदा मोठा करून पाहिला होता. परातीच्या काठाशी एक पान पालथं पडलंय. त्याचं बूड स्वच्छ दिसतं.

मी त्याला म्हणाले, “हो ना, फोटोत नाही कळत.”