घाम सुकायच्या आत

प्रिय शौर्य,

तू फोनवर म्हणालास, 'आई, या वयात जिम? बॉडी बनवायचीय का?' मी हसले. तेवढं बळ आहे अजून, बाकीचं कुठे गेलं कोणास ठाऊक. तेव्हाच सगळं सांगितलं असतं, पण फोन घेतला की तुझे आबा कान टवकारतात. अर्धांगवायूने त्यांचं बोलणं गेलं, ऐकणं शाबूत आहे. म्हणून लिहिते.

बॉडी कसली रे! दिवाळीपासून त्यांना पलंगावरून खुर्चीत मीच उचलते. कंबर धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्नायूंत ताकद आणा, नाहीतर एक दिवस दोघंही पडाल. म्हणून इथे आपल्या वासणा भागातच भक्ती बायकांची जिम चालवते, तिथे जाते. तेवढा वेळ यांच्यापाशी शेजारच्या कौशल्याबाई बसतात. मी वजनं उचलते, बैठका मारते, गुजराती बायका 'वाह मासी!' करतात, आणि घरी येईतो पाय लटपटतात.

गुण काही येईना, उलट ब्लाउज सैल व्हायला लागले. भक्तीने खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं की उपाशीपोटी येते आणि परत गेल्यावर आधी यांना भरवते. त्यांचं होईतो दुपार कलते. पोर चिडलीच. 'काकी, यायच्या आधी एखादं केळं आणि गेल्यावर लगेच डाळ, पनीर, दूध, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. नुसतं वजन उचललंत तर आहे तेही मांस झिजेल.' पटलं. पण नवऱ्याआधी ताटावर बसायचं? सासूबाईंची शिस्त अंगात मुरलेली, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

त्यातच, मी जिमला लागून महिना होतो न होतो तोच, आबांनी तोंड मिटलं. चमचा नेला की मान फिरवायची, दात घट्ट. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं काढलं आणि तू म्हणालास, आई, तू ठरव. मला वाटलं, यांना जगायचाच कंटाळा आला. रडले, आणि रागही आला. ज्यांच्यासाठी लोखंड उचलते तेच असे वागतात!

मंगळवारी जिममधून आले ती भोवळ घेऊनच. हातात यांची मुगाच्या खिचडीची वाटी होती. राहवेना, त्यातलेच चार चमचे मी खाल्ले. वर पाहिलं तर आबांनी तोंड उघडलेलं. एक चमचा दिला, तो गिळला. दुसरा नेला तर पुन्हा दात मिटले, आणि डाव्या हाताने वाटी माझ्याकडे ढकलली.

आठवतं ना, तालमीत वस्ताद असताना पोरांचे जोर झाले की आबा गरजायचे, 'घाम सुकायच्या आत खुराक!' दूध-बदाम पोटात गेल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. मलाही जन्मभर 'बस माझ्याबरोबर' म्हणत आले आणि मी पदर खोचून वाढत राहिले. आता बोलता येत नाही, तर वस्तादांनी उपोषण धरलं.

तेव्हा डॉक्टरांना कळव, नळी नको. एक घास मी, एक ते, असं चाललंय आणि वाटी संपते. पण मी फार दमले रे. त्यांना उचलायला ये म्हणत नाही, ते मी उचलेन. आम्हां दोघांना शेजारी बसवून एकदा वाढायला ये.

तुझीच,
आई