सुमनबाईंनी खोडलेलं वाक्य

रविवार, संध्याकाळ. सिंदेवाही.

आज मी घेते त्या लेखनवर्गात माझ्या हातून वाईट झालं. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या सुमनबाईंनी त्यांची पहिलीच कथा वाचली. नवरा तलावात बुडतो, लोक त्याचं प्रेत बाहेर काढतात, आणि त्याच संध्याकाळी बायको त्याच्या जाळ्यातले मासे रांधते. त्याच्याच जाळ्यातले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पटत नाही. इथे ती रडायला हवी."

सुमनबाई वहीकडेच पाहत म्हणाल्या, "नाई रडली जी मी. पोरं सकाळपासून उपाशी होते."

त्या विधवा आहेत हे मला ठाऊक होतं. नवरा कसा गेला, ते मी कधी विचारलं नव्हतं. का नाही विचारलं? ते मासे डोळ्यांपुढून जात नाहीत.

वर्ग सुटल्यावर माफी मागायला गेले, तर त्यांनी मासे रांधल्याचं वाक्य खोडून वर लिहिलं होतं, 'ती खूप रडली.'

"बाई, आधीचंच ठेवा. चूक माझी होती."

"राहू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "लोकाईले हेच बरं वाटन."